रक्तमिश्रित श्लेष्मा व कुंथन : ‘कॅप पॉलिपोसिस’चे निदान आणि चिकित्सा

गुदमार्गे रक्तमिश्रित श्लेष्मा पडणे, वारंवार वेग येणे आणि कुंथूनही समाधान न होणे, अशी तक्रार असलेला रुग्ण गोरेगावसारख्या गावात प्रथम वैद्याकडे किंवा थेट औषधाच्या दुकानात येतो. अर्श अथवा प्रवाहिका समजून उपचार होतात आणि बहुतेकांना गुण येतो. ज्यांना येत नाही, त्यांच्यापैकी क्वचित एखाद्यास ‘कॅप पॉलिपोसिस’ हा विरळ विकार असतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचा विचार करीत आहोत.

व्याधिपरिचय

विल्यम्स, बसी व मॉर्सन यांनी १९८५ मध्ये या विकाराचे वर्णन केले. मलाशयात व त्यावरील सिग्मॉइड आंत्रात लालसर अंकुर उगवतात आणि प्रत्येकावर पूयमिश्रित स्रावाची टोपी बसलेली असते. त्यावरूनच हे नाव पडले. दीर्घकाळ कुंथण्याने आंत्राची श्लेष्मल त्वचा खाली सरकून घासली जाणे, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. श्लेष्म्यावाटे प्रथिने निघून जात असल्याने काही रुग्णांत पादशोथ व कार्श्य दिसते. अशा वेळी पायांवरील सूज पाहून केवळ पांडू वा वृक्कविकाराचा विचार करणे पुरेसे नाही.

निदान

सुश्रुताचार्यांनी प्रवाहणी, विसर्जनी व संवरणी या तीन गुदवली सांगून अर्शयंत्राचे प्रमाण चार अंगुळे दिले आहे. दर्शन-स्पर्शनाचा हा आग्रह आजही शिरोधार्य आहे. गुदपरीक्षण न करता अर्शाचे निदान करू नये. मात्र यंत्राच्या पलीकडील अंकुर त्यातून दिसत नाहीत. त्यासाठी कोलोनोस्कोपी व बायोप्सी आवश्यक ठरते. आमातिसार, आंत्रक्षय, अल्सरेटिव्ह कोलायटिस, सॉलिटरी रेक्टल अल्सर आणि विशेषतः प्रौढांत कर्करोग, यांचा व्यवच्छेद त्याशिवाय होत नाही.

तीन-चार आठवड्यांच्या योग्य उपचारानेही रक्त थांबत नसेल, तर रुग्णास हिंगोली वा नांदेड येथील पोटविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. पाठवताना दिलेल्या सर्व औषधांची यादी सोबत द्यावी. वजन घटणे, पांडुता, पादशोथ अथवा ज्वर असल्यास आठवड्यांची वाट पाहू नये.

चिकित्सा

सर्वांना लागू पडेल असा एकच उपचार सिद्ध झालेला नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आढळल्यास त्याचे निर्मूलन करतात. त्यानंतर अंकुर नाहीसे झाल्याची वृत्ते प्रामुख्याने जपानमधून आली आहेत. इतरांत स्टिरॉइड, इन्फ्लिक्सिमॅब, दुर्बिणीद्वारे छेदन किंवा शस्त्रक्रिया, असा क्रम तज्ज्ञ ठरवतात.

वैद्याचे कार्य येथे गौण नाही. प्रवाहण टाळणे हा चिकित्सेचा पाया आहे. शौचास दीर्घकाळ बसू नये, वेग नसता कुंथू नये, मल मृदू राहावा म्हणून इसबगोल व पुरेसे जल द्यावे, अग्नीनुसार लघू पण पौष्टिक आहार ठेवावा. पिच्छाबस्ती मनात असली, तरी आंत्रदर्शनापूर्वी रक्तस्रावी भागात नेत्र घालू नये. नंतर द्यायची तर तज्ज्ञाच्या संमतीने द्यावी. अंकुर हे अर्श समजून क्षारकर्म करणे सर्वथा वर्ज्य.

औषधविक्रेत्यांना विनंती

कुटजघनवटी वा मेट्रोनिडाझोल तीच व्यक्ती वारंवार नेत असेल, तर पुन्हा देण्यापूर्वी तिला तपासणीस पाठवावे. सोनामुखीयुक्त विरेचक चूर्ण रोज घेण्यास सांगू नये. स्टिरॉइड चिठ्ठीविना मुळीच देऊ नये. आमातिसार असता त्यामुळे आंत्राला छिद्र पडून प्राणसंकट ओढवू शकते. हेलिकोबॅक्टरच्या श्वास वा मल परीक्षेपूर्वी ओमेप्राझोलसारखी औषधे दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद असावी लागतात, अन्यथा जंतू असूनही अहवाल नकारार्थी येऊ शकतो. गिऱ्हाईक काय घेत आहे, हे बहुधा आपणासच ठाऊक असते. ते वैद्यास कळवावे.

विरळ व्याधी नित्य भेटत नाही. परंतु तिच्या निमित्ताने गुदपरीक्षण व वेळेवर पाठवणी यांची सवय लागली, तर लाभ कर्करोगाच्या रुग्णासही होईल. रुग्ण दुसऱ्याकडे पाठवण्यात वैद्याचा कमीपणा नाही. विलंबात मात्र रुग्णाची हानी आहे.