उरलेल्या पाईपच्या तुकड्यांतून घरची शोभा



विहिरीपासून फडापर्यंत पाईपलाईन टाकून झाली की गोठ्यामागं चार-सहा तुकडे उरतातच. काही दिवस ते तिथं लोळतात, मग कोणीतरी पाचटाबरोबर पेटवून देतं. हे पेटवणं घातक आहे. पी.व्ही.सी.मध्ये वजनानं निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. तो जळाला की मिठाच्या आम्लाचा धूर निघतो. डोळे चुरचुरतात, छाती भरून येते. शिवाय डायॉक्सिनसारखी विषंही तयार होतात. तेव्हा या तुकड्यांचं काय करावं, याचा हा छोटा पाठ. हंगाम संपल्यावर सवडीनं घरच्या सर्वांनी मिळून करावा.

आधी निवड करा

पहिला नियम असा की तीन फुटांवरचा चांगला तुकडा शोभेसाठी कापू नये. पाण्याच्या पाळीला रात्री पाईप फुटला, तर तोच तुकडा आणि दोन कॉलर कामाला येतात. असे तुकडे सावलीत वेगळे ठेवा.

दुसरं, पाईप कोणता ते ओळखा. ठिबकची काळी मऊ नळी पॉलिथीनची असते. तिला रंग आणि सोल्युशन धरत नाही. खात्री नसेल तर नखाएवढा तुकडा बादलीत टाकून बोटानं खाली दाबा, म्हणजे त्याला चिकटलेले बुडबुडे निघून जातील. पी.व्ही.सी. बुडते, पॉलिथीन वर तरंगते.

तिसरं, बांधावर वर्षानुवर्षं उन्हात पडलेला पाईप ठिसूळ होतो. एका टोकाला भोक पाडून बघा. टवका उडाला तर तो भंगारात द्या.

पहिली वस्तू : जाळीचा दिवा

साहित्य : ११० मि.मी. पाईपचा एक फूट तुकडा, बारीक दात्यांची करवत, ड्रिल किंवा हाताचं गिरमिट, पॉलिश पेपर, लाकडी चकती, होल्डर, अखंड वायर आणि ३ ते ५ वॉटचा एल.ई.डी. बल्ब.

कापणं सरळ यावं म्हणून वर्तमानपत्राची सरळ कडेची पट्टी पाईपभोवती गुंडाळा. तिची कड कडेवर बसली की रेघ सरळ आली असं समजा. त्या रेघेवर पेन्सिल फिरवा आणि पाईप थोडा थोडा फिरवत कापा.

आता भोकांची आखणी. इथं शाळेतल्या मुलांना जवळ बसवा, त्यांचा भूमितीचा धडा फुकटात होईल. पाईपची जाडी ११० मि.मी., म्हणून घेर ११० × ३.१४ म्हणजे सुमारे ३४५ मि.मी. तेवढीच लांब कागदी पट्टी घेऊन ती चार वेळा अर्ध्यावर दुमडा. १६ सारखे भाग पडतील, प्रत्येक साडेएकवीस मि.मी.च्या आसपास. पट्टी गुंडाळून खुणा करा आणि त्यांवरून १६ उभ्या रेघा ओढा. खालून दोन इंच आणि वरून इंचभर जागा सोडा. मधे दर २० मि.मी.वर एक, अशा ११ आडव्या ओळी काढा. पहिल्या ओळीत एक सोडून एक अशा ८ रेघांवर भोक पाडा, दुसऱ्या ओळीत उरलेल्या ८ रेघांवर. असं आलटून पालटून केलं की ८८ भोकांची तिरपी नक्षी उमटते.

आधी ३ मि.मी.चं भोक पाडा, मग ते ६ मि.मी.पर्यंत मोठं करा. पाईपच्या आत गोल ओंडका घाला, म्हणजे तो दबणार नाही. ड्रिल सावकाश चालवा. घाई केली की कड वितळून चिकटते.

चकती पाईपच्या आतल्या घेरानं आखून घ्या, कारण पाईपच्या दाबक्षमतेप्रमाणे आतला घेर बदलतो. तिच्यावर होल्डर बसवा आणि ती पाईपच्या तळाशी बाजूनं तीन स्क्रूंनी धरा. वायर जाईल आणि हवा शिरेल अशा तीन-चार खाचा खालच्या कडेला कापा, चकतीलाही दोन-तीन भोकं पाडा. वायरला आतून गाठ मारा, म्हणजे ओढली तरी होल्डर निघत नाही. जोडणी ज्याला येते त्याच्याकडूनच करून घ्या. चिकटपट्टीचे जोड नकोत. वरचं तोंड उघडंच ठेवा.

बल्बच्या बाबतीत माझी चूक सांगतो. पहिल्या दिव्यात मी घरात पडलेला जुना ६० वॉटचा तारेचा बल्ब लावला. संध्याकाळी लावला आणि जेवून येतो तोवर पाईपची एक बाजू मेणासारखी झुकली होती, खोलीभर वास सुटला होता. ही पी.व्ही.सी. ८० अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडायला लागते, हे तेव्हा ध्यानात आलं. वेळेवर पाहिलं म्हणून बरं, नाहीतर पडद्यानं पेट घेतला असता. तेव्हा बल्ब एल.ई.डी.चाच, आणि तोही लहान.

दुसरी वस्तू : फुलाच्या आकाराचं पेनपात्र

मऊ पडण्याचा हाच गुण इथं उपयोगी पडतो. ६३ मि.मी.चा पातळ पाईप चार इंच घ्या. त्याचा घेर सुमारे १९८ मि.मी., म्हणजे ३३ मि.मी.च्या सहा पाकळ्या होतात. वरून दीड इंच खोल असे सहा उभे काप द्या. तेवढाच भाग उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवा. चिमट्यानं बाहेर काढून जाड कापडानं पाकळ्या बाहेर वळवा आणि लगेच गार पाण्यात घाला. आकार पक्का होतो. खाली एंड कॅप बसवली की पात्र तयार.

पाईपलाईनच्या कामात टोक जाळावर धरून सॉकेट करायची पद्धत आपल्याला माहीत आहे. घरात ती करू नका. पाईप काळा पडला की धूर निघालाच म्हणून समजा. उकळतं पाणी शंभर अंशांवर जात नाही, म्हणून ते बरं. त्यासाठी वापरलेलं भांडं मात्र स्वयंपाकात परत नेऊ नका.

तिसरी वस्तू : गणपतीची कमान

२०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. ही कमान एकदा केली की दरवर्षी वापरता येते. २५ मि.मी.चा पाईप साडेअकरा फूट लागतो : तीन फुटांचे दोन खांब, अडीच फुटांची आडवी, नऊ इंचांचे चार पाय. जोडायला दोन एल्बो, दोन टी, चार एंड कॅप. प्रत्येक खांब टीमध्ये उभा करा, टीच्या दोन्ही बाजूंना पाय घाला. पायांत कोरडी वाळू भरून कॅप लावा, म्हणजे कमान हलत नाही. सोल्युशन लावू नका, नुसती दाबून बसवा. वरून साडी, आंब्याची पानं, झेंडूच्या माळा. विसर्जनानंतर सुटी करून पोत्यात बांधून ठेवा.

रंग आणि काळजी

पाईप साबणानं धुवून वाळवा, पॉलिश पेपरनं चकाकी घालवा, मगच ऑइल पेंट द्या. नाहीतर पोपडे निघतात.

जुन्या पाईपांत शिशाचे क्षार मिसळलेले असत. ते बंद करण्याचे नियम केंद्रानं २०२१ साली केले. म्हणून घासताना पॉलिश पेपर ओला ठेवा, तोंडाला रुमाल बांधा, काम अंगणात करा. लहान मुलांनी आखणी आणि रंगकाम करावं. कापणं, घासणं, उकळतं पाणी हे मोठ्यांचं काम. या पाईपपासून मिठाचा डबा, पेला, कोंबड्यांचं पाण्याचं भांडं असलं काही करू नका.

खाली पडलेला भुसा ओल्या फडक्यानं गोळा करा. तो उकिरड्यावर किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात जाऊ देऊ नका, शेवटी ते सगळं आपल्याच रानात येतं. उरलेले तुकडे ठिबकच्या नळ्यांपासून वेगळे बांधून भंगारवाल्याला द्या.

एक दिवा दोन संध्याकाळींत होतो. गोठ्यामागची अडगळ कमी होते, पोरांच्या हाताला कसब येतं, आणि पाचटाच्या जाळात जाणारा विषारी तुकडा घरात उजेड देतो.