भात न सोसणारे मूल

बाळाचा पहिला घास कशाचा? पेजेचा, नाहीतर मऊ भाताचा. भातासारखे हलके अन्न नाही, असे आपण मानतो. पण एखाद्या मुलाला तोच सोसत नाही. असे मूल विरळा, पण असते.

पेज पाजल्यावर ते लगेच रडत नाही. हसते, खेळते. १ ते ४ तासांनी मात्र भडाभडा ओकू लागते. पांढरेफटक पडते. मान टाकते. अंगावर गांधी उठत नाहीत, म्हणून अन्नाचा संशय येत नाही. घरात म्हणतात, दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळायच्या तर मागाहून ओवाळा. आधी दवाखाना गाठा! अंगातले पाणी घटलेले असते; सलाईन लावावे लागते.

काय खाल्ले, किती वाजता, उलटी कधी झाली, हे वहीत लिहा. रक्त तपासून हा विकार सहसा कळत नाही. डॉक्टर तुमच्या वहीवरूनच ओळखतील. आता तुम्हाला लिहिता येते, ते इथे कामी येऊ द्या.

मग भात बंद. पोहे, मुरमुरे, इडली, घावन हेही तांदूळच बरे का! आजी म्हणेल, "चिमूटभर दे, सवय होईल." आजीची माया खरी, पण हे म्हणणे खरे नव्हे. थोड्यानेही मूल कोसळू शकते. अंगणवाडीच्या ताईंना सांगून ठेवा. तिथे खिचडी असते. नाचणी, ज्वारी डॉक्टरांना विचारून एकेक सुरू करा.

पुष्कळ मुलांना ३ ते ५ वर्षांपर्यंत भात सोसू लागतो, असे आम्ही पालकांना सांगतो. मात्र तो पुन्हा देऊन पाहायचा तो घरी नव्हे, दवाखान्यात, डॉक्टरांसमोर.