बाळाच्या खरेदीची यादी

गेल्या महिन्यात माझ्या दवाखान्यात वीस दिवसांचे एक बाळ आले. दोन दिवसांपासून पातळ शी होत होती. सोबत आई, बाबा, आजी आणि एक भलीमोठी पिशवी. बाळाला तपासले. ते सुस्त नव्हते, टाळू खोल गेली नव्हती, अंगावर घेतल्यावर जोर लावून ओढत होते. म्हणजे वेळेवर आणले होते. मग पिशवी पाहिली. दुधाच्या दोन बाटल्या, त्या धुण्याचा ब्रश, पावडरच्या दुधाचा डबा, टाल्कम पावडर, ग्राइप वॉटर, चोखणी, राईची उशी, काजळाची डबी, डायपरचे पाकीट. खर्च विचारला तेव्हा बाबा खाली पाहत म्हणाला, "साडेसहा हजार झाले, मॅडम." तो कापडाच्या दुकानात कामाला आहे. मी दिलेल्या चिठ्ठीवर बाळापेक्षा आईचीच औषधे जास्त होती, कारण तिचे हिमोग्लोबिन ८ होते. चिठ्ठी हातात घेऊन त्याने हळूच विचारले, "यातली आज निम्मी घेतली तर चालतील का?"

असे का होते? आपल्याकडे बाळ येण्याआधी त्याच्यासाठी काही आणू नये अशी समजूत आहे. मी तिला हसत नाही. ज्या काळात घरोघरी तान्ही मुले दगावत होती, त्या काळातली ती भीती आहे. पण परिणाम असा होतो की बाळंतीण आत आणि बाबा रात्री अकरा वाजता मेडिकलच्या दुकानात. "बाळासाठी जे लागते ते द्या" म्हटल्यावर दुकानदार देतोच. त्याचा तो धंदा आहे. तेव्हा खरेदी नंतर करा, पण यादी आधी करा. सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाच्या सुमारास, आजी, आई आणि बाबांनी कागद घेऊन एकत्र बसावे. कागदावर लिहिण्यात कसलाही अपशकुन नाही.

यादी लहान असते. जुन्या, धुवट सुती साड्यांची किंवा धोतराची दोन-अडीच डझन बाळोती. बाळ दिवसातून सहा-आठ वेळा तरी लघवी करते, शिवाय शी, आणि पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून एवढी. पुढून बांधायची सहा-सात झबली, दोन-तीन टोपडी, चार मऊ दुपटी, थंडीसाठी एक-दोन गरम पांघरुणे. मेणकापडाचा तुकडा. छत्रीची मच्छरदाणी, डास मारायच्या कॉइलचा धूर बाळाच्या खोलीत नको. एक डिजिटल थर्मामीटर. आंघोळीला साधा सौम्य साबण आणि घरचे खोबरेल, मात्र ते नाका-कानात सोडायचे नाही. ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर लिहून देतील ते. नाळेला काहीही लावायचे नाही, ती कोरडी ठेवली की आपोआप गळते. कपडे थोरल्या चुलत भावंडांचे मिळाले तर फारच छान. ते धुऊन धुऊन मऊ झालेले असतात. कोणाकडचे आले तरी एकदा गरम पाण्यातून काढून उन्हात वाळवावेत.

बाळाला किती कपडे घालावेत, हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो. पोटाला आणि तळपायांना हात लावून पाहा. दोन्ही सारखे कोमट असतील तर ठीक. पोट गरम आणि पाय गार लागले तर बाळाला थंडी वाजते आहे. तेव्हा त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून दोघांना पांघरूण घालावे. याहून चांगली ऊब बाजारात मिळत नाही.

आता बाटलीविषयी. आमच्या या बाळाला जुलाब झाले ते बाटलीमुळेच, असे माझे मत आहे. बुचाच्या आट्यांत आणि रबराच्या तोंडात दुधाचा अंश राहतो, तिथे जंतू वाढतात. बाटली दर वेळी उकळणे सांगायला सोपे, पण रात्री तीन वाजता थकलेल्या बाळंतिणीला ते जमत नाही. डबा महाग, म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त, हेही होते. शिवाय बाटलीतून दूध आयते येते, त्यामुळे काही बाळे छाती ओढायला कुरकुरतात. बाळ ओढत नाही म्हणून दूध कमी येते, आणि दूध कमी म्हणून पुन्हा बाटली. बाटली का सुरू केली विचारले तर आजी म्हणाल्या, "पोर रडायचं, हिला दूधच पुरत नव्हतं." बाळ दिवसाला सहा वेळा भरपूर लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. बाळ भुकेनेच रडते असे नाही.

सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही. आईला कामावर जायचे असेल तर स्वच्छ हाताने दूध काढून ठेवावे आणि ते वाटी-चमच्याने पाजावे. क्वचित एखाद्या बाळाला वैद्यकीय कारणाने डब्याचे दूध लागते. ते डॉक्टरांनी सांगावे आणि तेही वाटी-चमच्यानेच द्यावे. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात बंद केली, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. फिनलंडमध्ये १९३८ पासून सरकार बाळंतिणींना कपडे-पांघरुणांची पेटी देते. त्या पेटीतून दुधाची बाटली पुढे मुद्दाम काढून टाकण्यात आली.

बाकीचे थोडक्यात. पावडरचा धुरळा श्वासातून छातीत जातो. काजळाने डोळे मोठे होत नाहीत, पिकतात मात्र. ग्राइप वॉटरची गरज नसते. मध पहिल्या वर्षात चाटवू नये. उशी कुठलीच नको, डोके आपोआप गोल होते. बाळाला उताणे झोपवावे. डायपर रात्री किंवा प्रवासात वापरायला माझी हरकत नाही. पण दिवसाला सहा म्हटले तर दहा रुपयांच्या हिशेबाने महिन्याला अठराशे रुपये होतात.

वॉकरबद्दल मात्र मी अपराधी आहे. १९९९ साली आमच्या मुलीसाठी मी हौसेने वॉकर आणला, डॉक्टर असून आणला. नऊ महिन्यांची पोर वॉकरसकट ओसरीच्या पायरीवरून खाली गेली. कपाळाला तीन टाके पडले. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, त्याचेच जास्त लागले. वॉकरने मूल लवकर चालते हेही खरे नाही. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून ढकलते.

वाचलेला पैसा आईच्या ताटात जाऊ द्या. दूध, अंडी, डाळी, पालेभाज्या, फळे, सगळे. बाळंतिणीला नुसता मऊभात देऊन घरात डब्यांची रांग लावणे हा उफराटा कारभार आहे. मातृवंदना योजनेत पहिल्या खेपेला पाच हजार रुपये मिळतात, त्यासाठी गरोदरपणातच अंगणवाडीताईंकडे चौकशी करावी. लोहाच्या गोळ्या आणि बाळाच्या लसी सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. आणि हजार-दोन हजार रुपये वेगळे बांधून ठेवा. बाळ ओढेनासे झाले, गार पडले, धापा टाकू लागले किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर त्याच घटकेला निघायचे असते. १०८ ची गाडीही मिळते, पण हाताशी पैसे हवेत.

त्या बाबाला मी आईच्या गोळ्यांसाठी उपकेंद्रात पाठवले. न फोडलेला डबा आणि डायपर दुकानदाराने परत घेतले. बाळंतिणीला शेजारच्या खोलीत बसवून बाळाला नीट छातीशी कसे धरायचे ते दाखवले. चार दिवसांत शी सुधारली. दीड महिन्याच्या लसीला ते आले तेव्हा बाळाचे वजन चार किलोच्या वर गेले होते. लसीचे कार्ड आजींनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचले होते.