मीठ आणि साखरेची जोडी

मुलांनो, भर पावसाळ्यात नळदुर्गचा किल्ला पाहिला आहे का? दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. नदी भरली की बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात. महालात उभा असलेला माणूस मात्र कोरडाच राहतो! पाणी ठरवून दिलेल्या वाटेनेच जाते.

आपल्या शरीरातील पेशींचेही काहीसे असेच आहे. पेशीला उर्दूत तुम्ही 'खलिया' म्हणता. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल, म्हणजे झिल्ली असते. हे पटल स्निग्ध पदार्थाचे असल्यामुळे पाण्यात विरघळलेले मीठ व साखर त्यातून सहज जात नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांच्या वाटा आहेत.

काही वाटा नळीसारख्या असतात. नळी उघडली की कण भराभर वाहतात. पाण्याची नळी शोधल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अशा एका नळीतून सेकंदाला सुमारे तीन अब्ज रेणू रांगेने जातात, मिठाला मात्र तिथे मज्जाव! दुसऱ्या तऱ्हेची वाट म्हणजे वाहक. त्याला जणू दोन दारे असतात, पण ती एकाच वेळी उघडत नाहीत. तो कण पकडतो, आपला आकार बदलतो आणि कण पलीकडे सोडतो. नळीपेक्षा त्याचे काम फार सावकाश चालते.

आतड्यातला एक वाहक मोठा हट्टी आहे. सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक रेणू बरोबर आले, तरच तो त्यांना आत नेतो. सोडियम हा मिठातला घटक. ही जोडी आत गेली की मागोमाग पाणीही जाते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये ही गोष्ट मांडली.

पटकी, म्हणजे कॉलरा झाला की जंतूंच्या विषामुळे आतड्यातील क्लोराइडच्या नळ्या उघड्याच राहतात. क्षार बाहेर पडतात, त्यांच्यामागे पाणी जाते. काही तासांत रोगी सुकून जातो. पण तो हट्टी वाहक शाबूत असतो!

१९७१ मध्ये पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेले पाणी पिंपांत भरून ठेवले. नातेवाईकच ते रोग्यांना पाजू लागले. आधी शंभरांत सुमारे तीस रोगी दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आले.

हीच आपली जलसंजीवनी. दवाखान्यातले पाकीट मिळाले तर उत्तमच. नाहीतर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालावे. गोडीसाठी साखर वाढवू नये. जास्त साखर शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते. जुलाब लागलेल्या बाळाला पाणी देऊ नका, असे सांगणारी वडीलधारी माणसे अजूनही भेटतात. त्यांच्याशी वाद घालत बसू नये. बाळाला डॉक्टरांकडे नेईपर्यंत वाटी-चमच्याने थोडे थोडे पाणी पाजत राहावे. अंगावरचे दूधही तोडू नये.