शाळेच्या पंक्तीत पात्र कोण?

शालेय आहाराचे मोल व पात्रता यांविषयी एक अभ्यासपाठ

अन्न आणि अध्ययन यांचा संबंध शिक्षकास समजावून सांगावा लागत नाही. तिसऱ्या तासिकेनंतर एखादे मूल डोळ्यांनी फळ्याकडे पाहत असते, पण त्याचे कान दुपारच्या घंटेकडे लागलेले असतात. हा अनुभव प्रत्येक वर्गाचा आहे. उपाशी मुलाला जेवू घालावे याविषयीही कोणाचे दुमत नसते. अवघड प्रश्न त्यापुढचा आहे. हे जेवण कोणाला द्यावयाचे, त्याचे मोल कोणी भरावयाचे, आणि पात्र-अपात्र ठरवावयाचे कोणी? या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या देशांत निरनिराळी दिली गेली आहेत. ती समजून घेतली म्हणजे आपल्या शाळेतील नित्याच्या खिचडीमागे केवढा विचार उभा आहे याची कल्पना येते, आणि तो विचार सांभाळण्यात शिक्षकाचा वाटा किती मोठा आहे हेही ध्यानात येते.

१. तीन मार्ग

शाळेत जेवण देण्याचे मुख्यतः तीन मार्ग संभवतात. पहिला, सर्वांकडून किंमत घेऊन जेवण देणे. दुसरा, ऐपत असलेल्यांकडून किंमत घेणे व गरिबांस मोफत अथवा अल्प दरात देणे. तिसरा, शाळेत आलेल्या प्रत्येक मुलास विनामूल्य देणे.

दुसरा मार्ग वरकरणी सर्वांत न्याय्य वाटतो. ज्याच्याकडे आहे त्याने द्यावे, ज्याच्याकडे नाही त्यास मिळावे, यात वावगे काय? इंग्लंडमध्ये १९०६ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना शाळकरी मुलांस जेवण देण्याचा अधिकार मिळाला, तो याच तत्त्वावर. अमेरिकेत १९४६ साली राष्ट्रीय शालेय भोजनाचा कायदा झाला. पुढे तेथे पात्रतेच्या स्पष्ट पायऱ्या बांधल्या गेल्या. कुटुंबाचे उत्पन्न शासनाने ठरविलेल्या दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत. १३० ते १८५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर सवलतीचा दर, आणि तो ४० सेंटपेक्षा अधिक घ्यावयाचा नाही. त्याहून अधिक उत्पन्न असेल तर पुरी किंमत.

कागदावर ही योजना चोख आहे. अडचण उभी राहते ती शाळेच्या दारात. पालकाने अर्ज भरावयास हवा, उत्पन्न सांगावयास हवे. ज्यास लिहिता येत नाही, ज्यास आपले दारिद्र्य कागदावर मांडण्याची लाज वाटते, किंवा ज्याची मजुरी दर आठवड्यास बदलते, त्याचे मूल पात्र असूनही यादीबाहेर राहते. शिवाय मुलांमुलांत भेद दिसू लागतो. पैसे थकले म्हणून मुलाच्या हातातील गरम जेवण काढून त्यास निराळे थंड जेवण दिल्याचे प्रकार अमेरिकेत घडले. अशा अपमानास बंदी घालणारा कायदा न्यू मेक्सिको राज्याने २०१७ साली केला. थकबाकी आईबापांची, आणि मान खाली घालावयाची ती मुलाने, हा त्या पद्धतीतील मोठा दोष होय.

म्हणूनच त्या देशांतही तिसऱ्या मार्गाकडे पावले वळली. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने गरीब वस्तीतील शाळांना अर्ज न घेता सर्वच मुलांस मोफत जेवण देण्याची मुभा मिळाली. कॅलिफोर्निया व मेन या राज्यांनी २०२२-२३ या शालेय वर्षापासून सर्व मुलांसाठी जेवण मोफत केले. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून पहिल्या तीन वर्गांतील सर्व बालकांस उत्पन्न न विचारता जेवण देण्यात येऊ लागले.

२. आपल्याकडील वाटचाल

आपल्याकडे हा विचार बाहेरून आलेला नाही. शिरवळ ज्या खंडाळा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाच्या वतीने पुण्याजवळ धनकवडी येथे मुलांसाठी अन्नछत्र चालविण्यात आले, आणि जोतीराव व सावित्रीबाई यांनी त्या कामी स्वतःस वाहून घेतले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले, ही गोष्ट सातारा जिल्ह्यातील प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. एक पंगत आणि एकच अन्न ही या मातीतील जुनी शिकवण आहे.

शासकीय पातळीवर मद्रास राज्यात मुख्यमंत्री कामराज यांच्या काळात, १९५६ साली, शाळांतून दुपारचे जेवण देण्याचा उपक्रम मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. देशव्यापी योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी आली. आरंभी पुष्कळ राज्यांत, आणि महाराष्ट्रातही, शिजविलेले अन्न मिळत नसे. ज्या मुलाची उपस्थिती ८० टक्के असेल त्यास दरमहा ३ किलो तांदूळ घरी नेण्यास मिळे. तांदूळ घरी गेला की तो घरातील सर्वांचा होई, ते योग्यही होते. परंतु भूक लागते ती शाळेत दुपारी, आणि तांदूळ मिळे महिन्याच्या हिशेबाने. शिवाय जे मूल आजारपणामुळे वा मजुरीमुळे गैरहजर राही, म्हणजे ज्यास अन्नाची गरज अधिक, तेच अटीमुळे वगळले जाई.

२८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजविलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला. त्याच खटल्यात २० एप्रिल २००४ रोजी न्यायालयाने आणखी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. अन्न शिजविण्याचा खर्च कोणत्याही परिस्थितीत मुलांकडून वा त्यांच्या पालकांकडून वसूल करू नये. तसेच स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्तींस प्राधान्य द्यावे. पहिल्या आदेशाने मोलाचा प्रश्न मिटला, आणि दुसऱ्याने पंक्तीतील जुनी शिवाशिव मोडण्याचा मार्ग दाखविला. पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण बालकाचा कायदेशीर हक्क झाले. २०२१ साली योजनेस ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ हे नाव मिळाले.

३. आजची पात्रता

आजची पात्रता एका वाक्यात सांगता येते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अथवा अनुदानित शाळेत इयत्ता ८ वीपर्यंत शिकणारे प्रत्येक मूल पात्र आहे. येथे उत्पन्नाचा दाखला, पिवळी वा केशरी शिधापत्रिका, जातीचा दाखला किंवा रहिवासाचा पुरावा यांची गरज नाही. बागायतदाराचे मूल आणि शेतमजुराचे मूल यांचा हक्क सारखाच आहे.

तथापि या व्यवस्थेसही सीमा आहेत, आणि त्या जाणून असाव्यात. विनाअनुदानित खाजगी शाळेतील मूल घरचे कितीही गरीब असले तरी या योजनेत येत नाही. इयत्ता ८ वी संपवून ९ वीत गेलेली मुलगी उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी पात्र होती, ती जूनमध्ये अपात्र होते. तिची भूक मात्र तीच राहते. सहा वर्षांखालील धाकटे भावंड ताईचे बोट धरून शाळेत आले, तर त्याचा हक्क अंगणवाडीत आहे. त्यास नुसते घरी न धाडता अंगणवाडीशी जोडून देणे हे शाळेचे काम आहे.

४. मोल किती आणि कोण भरतो

जेवण मुलास विनामूल्य मिळते, याचा अर्थ त्यास मोल नाही असा नव्हे. ते मोल समाज करांच्या रूपाने भरत असतो. धान्य केंद्र शासन देते. डाळ, भाजी, तेल, मसाला व इंधन यांचा खर्च महाराष्ट्रात केंद्र व राज्य ६० व ४० या प्रमाणात सोसतात. १ मे २०२५ पासून केंद्राने हा दर प्राथमिक वर्गांसाठी दर विद्यार्थी दररोज ६ रुपये ७८ पैसे व उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे ठरविला.

प्रमाण असे आहे. प्राथमिक वर्गातील मुलास धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम व तेल ५ ग्रॅम. त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत. उच्च प्राथमिक वर्गासाठी धान्य १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम व तेल साडेसात ग्रॅम. त्यातून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने.

एक उदाहरण घेऊ. एका शाळेत आज प्राथमिकची ६० व उच्च प्राथमिकची ४० मुले उपस्थित आहेत. ६० मुलांसाठी धान्य ६ किलो आणि ४० मुलांसाठीही ६ किलोच लागेल. एकूण धान्य १२ किलो, डाळ २ किलो ४०० ग्रॅम, भाजी ६ किलो, तेल ६०० ग्रॅम. खर्च ६० × ६.७८ = ४०६.८० आणि ४० × १०.१७ = ४०६.८०, म्हणजे एकूण ८१३ रुपये ६० पैसे. हे गणित इयत्ता ६ वी व ७ वीच्या मुलांकडून फळ्यावर करून घ्यावे, आणि दर बदलला की नवा दर घालून पुन्हा मांडावे. प्रमाण, दशांश अपूर्णांक व परिमाणे यांचा याहून जिवंत पाठ दुसरा नाही. शिवाय आपल्या ताटाचा हिशेब मुलांस येऊ लागला की त्या हिशेबावर आपोआप देखरेख राहते.

५. शिरवळसारख्या गावी

शिरवळ हे पुणे-सातारा रस्त्यावरील, नीरेकाठचे गाव. औद्योगिक वसाहतीमुळे येथे इतर जिल्ह्यांतून व परप्रांतांतून कामगार कुटुंबे येतात. बांधकामावरची बिऱ्हाडे येतात व काम संपताच हलतात. साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडणीच्या टोळ्याही जिल्ह्यात उतरतात. अशा कुटुंबाची शिधापत्रिका गावी असते, शाळा सोडल्याचा दाखला जुन्या शाळेत असतो, आणि कित्येकदा मुलाजवळ आधारपत्रही नसते.

उत्पन्न पाहून जेवण द्यावयाची पद्धत येथे असती, तर ही मुले कायम यादीबाहेर राहिली असती. पात्रता शाळेशी जोडलेली आहे, म्हणून ती मुलाबरोबर चालत येते. मात्र एक अट उरते: मुलाचे नाव पटावर यावयास हवे. येथे २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा शिक्षकाच्या पाठीशी आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला येण्यास विलंब झाला म्हणून प्रवेश अडवून ठेवता येत नाही. आधार क्रमांक दाखविता आला नाही म्हणून कोणत्याही बालकास योजनेचा लाभ नाकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात म्हटले आहे. सबब, ‘आधी कागद आणा, मग बसा’ असे जेव्हा दारात म्हटले जाते, तेव्हा त्या मुलाचा वर्ग आणि ताट ही दोन्ही एकाच वाक्याने हिरावली जातात.

६. न दिसणाऱ्या भिंती

कायद्याने पाडलेली भिंत शाळेत नकळत पुन्हा उभी राहू शकते. त्याविषयी पुढील गोष्टींत दक्षता असावी.

(१) भाजीसाठी, इंधनासाठी वा ताटांसाठी मुलांकडून वर्गणी घेऊ नये. रक्कम लहान असली तरी जो ती आणू शकत नाही तो वर्गात ओळखू येतो.

(२) डबा आणणारी व शाळेत जेवणारी अशा दोन पंगती पाडू नयेत. सर्वांनी एकत्र बसावे.

(३) ‘गरिबांचे जेवण’, ‘फुकटचे जेवण’ हे शब्द शाळेत उच्चारू नयेत. जे हक्काने मिळते त्यास दान म्हणू नये.

(४) गावातील कोणी वाढदिवसास वा सणास तिथिभोजन देऊ इच्छीत असेल तर त्याचे स्वागत करावे. परंतु ते नित्याच्या आहाराची जागा घेणारे नसून त्यात भर घालणारे असावे, आणि दात्यापुढे मुलांना हात जोडून उभे करू नये.

(५) मुलांस वाढण्यापूर्वी अन्नाची चव प्रौढांनी घ्यावी, आणि त्यांत किमान एक शिक्षक असावा, असा २०१५ च्या नियमांचा दंडक आहे. तो नोंदवहीपुरता राहू नये.

(६) धान्य, इंधन वा स्वयंपाकी यांच्या अभावी जेवण देता आले नाही, तर त्या दिवसांचे धान्य व खर्चाची रक्कम अन्नसुरक्षा भत्ता म्हणून देण्याची तरतूद त्याच नियमांत आहे. म्हणून बंद राहिलेल्या दिवसाची नोंद लपवू नये. ती नोंद हा मुलांच्या हक्काचा पुरावा आहे.

(७) उपस्थिती जशी असेल तशीच लिहावी. वाढवून लिहिलेला आकडा चोरीस वाट देतो, तर कमी लिहिलेला आकडा कोणाच्या तरी ताटातील घास उचलतो.

पात्रता ठरविण्याचे ओझे कायद्याने शिक्षकाच्या खांद्यावरून उतरविले आहे. गरीब कोण हे त्याने शोधावयाचे नाही. दुपारी पंक्तीत किती मुले बसली, त्यांत कालपर्यंत पटाबाहेर असलेले कोण आले, आणि कोणी अर्धपोटी तर उठले नाही ना, एवढे मात्र त्याने रोज पाहावयाचे आहे.

केंद्रसंमेलनात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेच्या परिसरात पटाबाहेरची मुले कोठे राहतात? त्यांची गणना शेवटची केव्हा झाली?

२. गेल्या तीन महिन्यांत जेवण किती दिवस बंद राहिले, व त्याची कारणे कोणती?

३. इयत्ता ८ वी उत्तीर्ण होऊन गेलेल्या मुलामुलींपैकी किती जण ९ वीत टिकले? दुपारच्या जेवणाचा त्याच्याशी काही संबंध दिसतो काय?

४. आजच्या उपस्थितीवरून धान्य, डाळ, भाजी व तेल यांचे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्या, व ते शाळेच्या नोंदीशी ताडून पाहा.