स्टॉल सोडा, खुर्च्या लावा

पुण्यात वेब स्टुडिओ चालवायचा आणि शनिवार-रविवारच्या टेक कार्यक्रमांपासून लांब राहायचं, हे अवघडच. मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत ग्नूनिफाय वर्षानुवर्षं भरत आलं, बारकॅम्प झाले. 2011 ची पायकॉन इंडिया पुण्यात झाली. 2016 च्या फेब्रुवारीत ड्रुपलकॉन एशिया पवईच्या आयआयटीत भरली, म्हणजे पहाटेच्या गाडीने गाठता येईल अशी. आमचा स्टुडिओ लहान. अशा कार्यक्रमांत आम्ही कधी श्रोते असतो, कधी वक्ते आणि बहुतेक वेळा सतरंज्या उचलणारे कार्यकर्ते. त्यातून जे पदरी पडलं, ते असं.

1. लोगोपेक्षा हात द्या.

प्रायोजकांच्या बॅनरवर मोठ्या आयटी कंपन्यांच्या खाली, शेवटच्या ओळीत, आपला लोगो वाटाण्याएवढा छापून येतो. तो वाचायला कोणी थांबत नाही. त्याऐवजी एक डिझायनर आणि एक डेव्हलपर कार्यक्रमासाठी मोकळे करा. बॅज, दिशादर्शक पाट्या, मोबाइलवरचं वेळापत्रक अशा रूपात आपलं काम दिवसभर लोकांच्या हातात राहतं. शिवाय ते वापरताना माणसं कुठे अडखळतात, हे शेजारी उभं राहून बघता येतं. ग्राहकाची साइट लोक वापरतात तेव्हा आपण तिथे नसतो.

2. बॅजवर नाव देवनागरीत छापून बघा.

नोंदणीची यादी सीएसव्ही फाइलमध्ये येते. ती थेट एक्सेलमध्ये उघडली की बऱ्याचदा मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. फाइल यूटीएफ-8 मध्ये आहे, हे एक्सेलला सांगावं लागतं. ते सांगून झालं की पुढचा अडथळा. पीडीएफ बनवणाऱ्या कित्येक तयार लायब्रऱ्या अक्षरं एकापुढे एक ठेवून मोकळ्या होतात, जोडाक्षर त्यांच्या गावीही नसतं. ‘स्मिता’मधला स पायमोडका दिसतो आणि वेलांटी म च्या मागे जाऊन बसते. एखाद्या वकिलाने नावाआधी ‘ॲड.’ लिहिलं असेल तर जुन्या फॉन्टमध्ये तिथे चौकोन उमटतो, कारण ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं.

क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये जोडाक्षरांचं काम हार्फबझ हे इंजिन बिनबोभाट करतं. म्हणून आम्ही बॅज साध्या एचटीएमएल पानावर मांडतो, मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ फॉन्ट लावतो आणि ब्राउझरमधूनच पीडीएफ काढतो. हीच युक्ती पुढे एका पतसंस्थेच्या पावत्यांना जशीच्या तशी कामी आली.

3. वाय-फाय चालणार नाही, असं धरूनच तयारी करा.

2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. सभागृहात शंभरेक लॅपटॉप, त्याच्या दुप्पट फोन आणि नेट चालेना म्हणून जो तो स्वतःचा हॉटस्पॉट सुरू करतो. लक्ष्मी रोडला कोंडी झाली म्हणून प्रत्येकाने घरची गाडी बाहेर काढावी, तसला हा प्रकार. आम्ही वक्त्यांना आधीच बजावतो: डेमो लोकलहोस्टवर चालला पाहिजे, व्हिडिओ पेन ड्राइव्हवर हवा. एचडीएमआय आणि व्हीजीएचे अडॅप्टर आमच्या पिशवीत असतात आणि त्यांवर मार्करने स्टुडिओचं नाव घातलेलं असतं, नाहीतर संध्याकाळी ते दुसऱ्याच्याच बॅगेतून घरी जातात. वेळापत्रकाचं पानही इतकं हलकं ठेवतो की नेटचा जीव जाता जाता ते उघडावं. गावाकडच्या ग्राहकांची पानंही आता याच कसोटीला लावतो.

4. हॉलची किल्ली ज्यांच्याकडे, ते खरे संयोजक.

प्राचार्यांच्या नावे अर्ज देऊन परवानगी मिळते. पण रविवारी सकाळी सात वाजता हॉल उघडणारे, कोणता प्लग शॉक देतो आणि कोणता पंखा लावला की माइक गुणगुणतो हे सांगणारे शिपाईमामाच. त्यांना आदल्या दिवशी भेटा आणि पोह्यांची पहिली प्लेट त्यांच्या हातात द्या. ग्राहकाकडे गेल्यावरही आम्ही आता साहेबांच्या जोडीला, रोज साइटवर मजकूर चढवणाऱ्या माणसाला गाठतो.

5. तारीख धरताना गणपती, दिवाळी आणि परीक्षा बघा.

पुण्यात गणपतीच्या दहा दिवसांत निम्मे रस्ते बंद असतात. तारीख नीट धरली, तरी फुकट नोंदणी केलेल्यांतले निम्मेच येतील, असं धरून चहा सांगा. थोडं शुल्क लावलं तर गळती कमी होते.

6. फळ्याचा एक कोपरा रिकामा ठेवा.

बारकॅम्पची सुरुवात 2005 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो ऑल्टोला झाली, ती निमंत्रितांपुरत्या असलेल्या फू कॅम्पला खुला पर्याय म्हणून. वक्ते आधी ठरलेले नसतात. ज्याला बोलायचंय त्याने विषय चिठ्ठीवर लिहून फळ्यावर लावायचा. सत्रात रस वाटला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जाण्यात गैर काही नाही. आपण बोलत असताना अर्धी खोली उठून गेली, तर कुठला ग्राहक देणार नाही इतका स्वच्छ अभिप्राय मिळतो.

7. एक सत्र तरी मराठीत ठेवा.

इंग्रजी व्याख्यानानंतर टाळ्या पडतात, प्रश्न येत नाहीत. प्रश्न येतात ते चहाच्या टेबलापाशी, मराठीत, आणि बहुधा सोलापूर-नगरहून शिकायला आलेल्या मुलामुलींकडून. तेच प्रश्न सभागृहात यावेत, एवढी सोय करा. 27 फेब्रुवारीच्या आसपास मराठी विकिपीडियाच्या कार्यशाळा भरतात, तिथे तर हात कमीच पडतात. 2003 साली सुरू झालेल्या या ज्ञानकोशात लिहायला आलेल्या प्राध्यापक मंडळींना फोटोचा परवाना म्हणजे काय ते समजावून सांगितलं, की गूगलवरून उचललेला फोटो साइटवर का चालत नाही, हे ग्राहकालाही न रागावता सांगता येतं.

8. यादी कोणालाही देऊ नका.

‘आलेल्यांचे नंबर तेवढे पाठवा’ असा निरोप प्रायोजकाकडून हमखास येतो. लोकांनी नंबर दिला तो प्रवेशासाठी. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाही हाच: माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरायची, एरवी संमती लागते. नकार गोड बोलून द्या, पण द्या.

9. कार्यक्रम संपल्यावर साइटला वाली ठेवा.

उत्साहात घेतलेलं डोमेन पुढच्या वर्षी कोणी नूतनीकरण करत नाही आणि भाषणांच्या दुव्यांवर जुगाराची जाहिरात झळकू लागते. वर्डकॅम्पची पद्धत शहाणपणाची आहे. प्रत्येक शहराचं प्रत्येक वर्षाचं पान मध्यवर्ती डोमेनखालीच राहतं. स्थानिक कार्यक्रमांसाठी आम्ही शेवटी सगळी साइट स्थिर एचटीएमएलमध्ये उतरवून ठेवतो. तिला डेटाबेस लागत नाही, अपडेट लागत नाहीत.

10. स्पर्धकाच्या शेजारी बसा.

ज्या स्टुडिओशी दरपत्रकात चढाओढ असते, त्यांच्याच माणसांबरोबर सकाळी खुर्च्या लावल्या की बोलणं मोकळं होतं. कोण अंगाबाहेरचं काम घेत नाही, कोण शब्द पाळतं, हे तिथे कळतं. पुढे आम्हाला न झेपणारी कामं आम्ही त्यांच्याकडे पाठवली, त्यांची काही आमच्याकडे आली. स्वयंसेवकांतही नजर ठेवा. न सांगता एक्स्टेन्शन बोर्ड शोधून आणणारी व्यक्ती स्टुडिओला हवीच असते.

11. खर्च योग्य खात्यावर टाका.

‘यातून किती ग्राहक मिळाले?’ असा हिशेब मांडला तर आकडा नेहमीच लाजिरवाणा निघतो आणि पुढच्या वर्षी कार्यक्रम बजेटमधून गळतो. जाहिरातीच्या आशेने गेलेले हात हलवत परततात. आमचे सीए मार्चअखेर विचारतात, ‘हे जाहिरात खात्यावर टाकू का?’ आम्ही सांगतो, प्रशिक्षण.