मान चोळू नका, दाखवून घ्या

गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची दाटी असते. मोटारीला मागून धडक बसली की मानेला हिसका बसतो. अंगावर ओरखडाही नसतो, म्हणून माणूस घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी मान धरते. मग तेल लावून चोळणे, नाहीतर मान मोडून घेणे! हाड हललेले असेल तर हे जिवावर बेतते. आधी डॉक्टरला दाखवा, सांगतील तर एक्स-रे काढा.

हातापायाला मुंग्या येत असतील किंवा हात उचलेना, तर जखमीला ओढून जीपमध्ये कोंबू नका. आग वगैरेचा धोका नसेल तर आहे तिथेच डोके दोन्ही हातांनी स्थिर धरा, १०८ ला फोन लावा. मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही; मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी दुरुस्ती २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झाली आहे. दवाखान्याचे कागद मात्र जपा, भरपाईच्या दाव्याला लागतात.